टोफेलच्या आधीचे सत्कार

१२ फेब्रुवारी १९७८, रविवार. पहाटे
आजपासून टोफेलचा अभ्यास सुरू. टोफेल म्हणजे इंग्रजीची परीक्षा. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने मला एम.एस.ला घ्यायचं कबूल केलं आहे. फक्त टोफेलला साडेपाचशे मार्क पाहिजेत, असं पत्राच्या शेवटी लिहिलंय. किरकोळ बाब. मी बी.एस्सी. ॲग्रीचे सगळे पेपर इंग्रजीतच लिहिले होते. परीक्षा सहा मेला, पुण्यात. म्हणजे वेळच वेळ.
टाइमटेबल: पहाटे ग्रामर. उजाडल्यावर रीडिंग. दुपारी शब्द पाठ. संध्याकाळी रेडिओवर इंग्रजी बातम्या, कान तयार व्हायला.
टाइमटेबल आखून, रंगीत पेन्सिलीने चौकटी मारून होईपर्यंत ऊन आलं. ग्रामर उद्यापासून.

१३ फेब्रुवारी
चारला गजर झाला. मी उठलो नाही, आई उठली. पोराची झोपमोड नको म्हणून तिने घड्याळ उचलून चुलीपाशी नेऊन ठेवलं. घरात अभ्यासाचं वातावरण नाही.

१६ फेब्रुवारी
साताऱ्याहून ग्रामरचं जाडजूड पुस्तक आणलं. निम्मा अभ्यास तिथेच झाला म्हणायला हरकत नाही.
परतीच्या एसटीत शेजारी बाळासो. हे आमच्या सोसायटीचे चेअरमन आणि गावच्या सत्कार समितीचे अध्यक्ष. यांना सत्काराचं वेड आहे. पोरगं मिलिटरीत भरती झालं की सत्कार, तलाठी बदलून गेला की सत्कार. गेल्या वर्षी नवीन ट्रॅक्टरला फेटा बांधला होता. मी एवढंच म्हणालो की अमेरिकेचं पत्र आलंय. टोफेलचंही सांगणार होतो. पण बाळासो एकदा बोलायला लागले की दुसऱ्याला तोंड उघडू देत नाहीत.

१९ फेब्रुवारी
बाळासोंनी देवळाच्या स्पीकरवरून जाहीर केलं. आपल्या लालासाहेबांचा जोतीराम अमेरिकेला निघालाय, येत्या रविवारी जाहीर सत्कार. लालासाहेब म्हणजे आमचे आबा. ते उसाला पाणी पाजत होते, तिथेच त्यांना ऐकू गेलं. घरी येऊन मला म्हणाले, मला आदी सांगायचं रं. आवाज जड झाला होता. अशा वेळी परीक्षेचं काढणं बरं दिसलं नसतं.
मला असल्या गोष्टींचा मनापासून तिटकारा आहे. आईला सफारीची इस्त्री बघायला सांगितली.

२६ फेब्रुवारी
सत्कार झाला. भगवा फेटा बांधला. गुलाबी जास्त खुलला असता. शाल, नारळ, हार.
भाषणाला उभा राहिलो आणि पहिल्याच वाक्याला सांगणार होतो की अजून एक परीक्षा बाकी आहे. तेवढ्यात मागनं पोरं ओरडली, इंग्रजीत, इंग्रजीत! आता ऐन वेळी इंग्रजी कुठून आणायचं? ग्रामरच्या पुस्तकातली काळाच्या धड्यातली उदाहरणं ओळीने म्हणून टाकली. तो या घरात एकोणीसशे पन्नासपासून राहत आला आहे. आम्ही स्टेशनवर पोचण्यापूर्वी गाडी सुटून गेली होती. टाळ्यांचा कडकडाट. बाळासो म्हणाले, लय फर्डं बोललास गड्या. काळाचा धडा माझा पक्का झाला, हे यातून सिद्ध होतं.

१० मार्च
स्वतःची एक टेस्ट घेतली. चाळीसपैकी सतरा बरोबर. पुस्तकात छपाईच्या चुका फार आहेत.
रेडिओ बंद. आबांना शेतीचा कार्यक्रम लागतो आणि आईला कीर्तन. माझे कान कधी तयार होणार?

२५ मार्च
जेवणावळींनी जीव नकोसा केलाय. रोज एका घरी आमंत्रण. तिकडं पुरणपोळी कुठली मिळायची, असं म्हणत प्रत्येक बाई ताटात दोन जास्त टाकते. दुपारी जेवून आलो की रीडिंगला बसतो. उतारा ध्रुवावरच्या अस्वलांचा आहे. दुसऱ्या ओळीलाच अस्वल झोपतं आणि मीही. अजून त्या अस्वलाचं पुढे काय झालं ते मला कळलेलं नाही.
उद्यापासून एकवेळ जेवण.

२६ मार्च
भामाबाईंकडे मटण. नाही म्हणणं वाईट दिसलं असतं.

८ एप्रिल, पाडवा
वडूजला बनूमावशीकडे. तिथल्या तरुण मंडळाने सत्कार ठेवलेला. सूत्रसंचालकाने माझी ओळख अमेरिकेत असतात अशी करून दिली. दुरुस्ती करायला मी उठलो. मी हारासाठीच उठलोय असं समजून त्यांनी हार घातला. मग काय बोलणार! फेटा मात्र गुलाबी होता.
परीक्षेला महिना राहिलाय. घाबरण्यासारखं काही नाही. शब्दांचं पुस्तक अजून उघडलेलं नाही, त्यामुळे सगळं ताज्या मेंदूने होईल.

२० एप्रिल
आज आबांना सांगायचंच असं ठरवून रानात गेलो. आबा बावीस वर्षं मिलिटरीत होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. त्यांच्यापुढे शब्द मोजून बोलावं लागतं. पाटाच्या कडेला बसून मी सुरुवात केली, आबा, एक बारीकशी गोष्ट हाय. ते म्हणाले, सगळं पक्कं हाय न्हवं? मी म्हणालो, शंभर टक्के. खरं तर नव्वद म्हणणार होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आपल्या घरात कुणी एवढं केलं न्हाई. मग मी दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी सोडायला लागलो. पाणी दुसऱ्याच वाफ्यात गेलं.

२८ एप्रिल
पुन्हा टेस्ट. चाळीसपैकी चौदा.
छातीत धडधडतंय. चहा जास्त होतोय, कमी केला पाहिजे. समजा, फक्त समजा, साडेपाचशे पडले नाहीत तर? एवढे फेटे बांधलेत, एवढी घरं जेवलोय. गावात तोंड कसं दाखवायचं? पण हा विचारच चुकीचा. मनाची तयारी अर्धं यश देते. उरलेलं अर्धं सात दिवसांत होण्यासारखं आहे.

५ मे
सकाळच्या एसटीने गुपचूप पुण्याला जायचं, उद्या परीक्षा द्यायची, परवा परत. असा साधा बेत होता. पण जोतीराम बॅग घेऊन पुण्याला चाललाय एवढं बाळासोंना कळलं. पुणं, तिथनं मुंबई, तिथनं इमान, असा त्यांनी हिशेब लावला. सकाळी दारात ट्रॅक्टर उभा, ट्रॉलीला आंब्याचे टहाळे आणि हलगीवाले हजर!
मी बाळासोंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की मी फक्त परीक्षेला चाललोय. ते डोळे मिचकावून म्हणाले, आरं सगळं आयुष्यच परीक्षा हाय, चढ वर.
गावातून मिरवणूक. दर दाराशी ओवाळणी. आई ट्रॉलीला धरून चालत होती. पोचल्या पोचल्या कागद टाक, म्हणत होती. स्टँडवर आबांनी मला मिठी मारली. आजवर कधी मारली नव्हती. घामाचा वास आला. मला रडू आलं आणि लोकांना वाटलं अमेरिकेसाठी.
एसटी चुकली. पुढची मिळाली ती उभ्याने.

६ मे, पुणे
पेपर चांगला गेला. टेपवर एक बाई आणि एक बुवा बोलत होते. फार भराभर बोलतात, त्यांना कुठेतरी जायची घाई असावी. रीडिंगमध्ये अस्वलांवर प्रश्न नव्हता. शेवटचे बरेचसे गोल अंदाजाने भरले, पण अंदाज शास्त्रीय होता. एक सोडून एक.
बाहेर आल्यावर लक्षात आलं की घरी जाता येत नाही. काल वाजतगाजत अमेरिकेला पाठवलेला माणूस आज संध्याकाळी स्टँडवर कसा उतरणार?

७ मे, सांगली
माझा कॉलेजचा दोस्त गुंडा इथे जुन्या सांगलीत, गावभागात खोली घेऊन राहतो. इंजिनाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात आहे. त्याला सगळं सांगितलं. तो हसून हसून कॉटवरून खाली पडला. निकाल आणि विद्यापीठाचं पुढचं पत्र त्याच्याच पत्त्यावर यायचंय, ही दूरदृष्टी मी फॉर्म भरतानाच दाखवली होती. निकाल आला की इथूनच थेट अमेरिका. मध्ये गावाला जायचं कारणच पडणार नाही.

१९ मे
दिवसा बाहेर पडत नाही. गावाकडची माणसं हळद आणि गूळ घेऊन सांगलीच्या बाजाराला येतात. गुंडा मला अमेरिका म्हणून हाक मारतो. अमेरिका, दूध आण. अमेरिका, भांडी घास.
घरी पत्र टाकावं असं रोज वाटतं. पण पाकिटावर सांगलीचा शिक्का पडेल.

१६ जून
निकाल आला. चारशे तेरा.
परीक्षा ऑक्टोबरमध्ये परत असते. विद्यापीठ काही पळून जात नाही. उद्या पहाटेपासून ग्रामर.

२१ जून
विद्यापीठाचंही पत्र आलं. जागा दुसऱ्याला दिली.
गुंडा आज अमेरिका म्हणाला नाही. नुसतं, जेवून घे, म्हणाला. तेच जास्त लागलं.

२ जुलै
घात झाला. भाजीची पिशवी घेऊन मारुती चौकातून येत होतो आणि समोर बाळासो! पंप घ्यायला सोसायटीच्या जीपने आलेले. पळावं म्हटलं तर हातात पिशवी. ते म्हणाले, जोतीराम? आरं कवा आलास? मी म्हणालो, आजच. आन् गाव सोडून सांगलीत? मी म्हणालो, मित्राला भेटायला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि एकदम डोळ्यांत पाणी आणलं. आईसाठी आलास व्हय! करमलं न्हाई तिकडं! मी मान कुठल्याच बाजूला हलवली नाही. त्यांना तेवढं पुरलं.
लगेच जीपमध्ये घातलं. वाटेत सांगत होते, तुझ्या आईनं तू गेल्यापास्नं गोड सोडलंय, तुझा कागद आल्याबिगर तोंडात घालणार न्हाई म्हणती. मी तोंड बाहेर वळवलं. जीपमध्ये धूळ फार येते.
घरी आई दारातच भेटली. दोन्ही हातांनी तोंड चाचपलं आणि म्हणाली, तिकडं जेवाय घालत न्हवती का रं? मग डब्यातून गूळ काढला, मला दिला आणि स्वतः खडा तोंडात टाकला. आबांनी माझ्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बैलांना वैरण टाकायला गेले.

४ जुलै
पुन्हा सत्कार. मातीच्या ओढीनं अमेरिकेवर लाथ मारून आलेला सुपुत्र, असं बोर्डावर लिहिलं होतं. फेटा बांधताना बाळासो एवढे भरून आले होते की दोनदा वेढा चुकला. पुढच्या रांगेत आबा. बायकांच्यात आई, लग्नात नेसते ते लुगडं नेसून.
मी ठरवून गेलो होतो की आज खरं बोलायचं. काय वाट्टेल ते होवो. उभा राहिलो, आईकडे बघितलं, आणि नुसताच माइक सरळ करत राहिलो. पोरं ओरडली, इंग्रजीत! मग मी इंग्रजीत बोललो. मी परीक्षेत नापास झालो. मी अमेरिका पाहिलेली नाही. मी दोन महिने एका मित्राच्या खोलीत लपून होतो. माझे आईवडील साधे आहेत आणि मी त्यांना फसवलं. पुस्तक नाही, पाठांतर नाही. एकही आर्टिकल अडलं नाही. दर वाक्याला टाळ्या पडत होत्या.
म्हणजे मी सत्य बोललो. जाहीर सभेत. भाषा कोणती हा तपशील झाला. मन हलकं वाटायला हवं होतं. वाटेल हळूहळू.

५ जुलै, सकाळी
आई भाकरी थापत होती. म्हणाली, काल इंग्रजीत काय बोललास रं? बोलताना तुझं डोळं भरलं हुतं. मला आपल्या भाषेत सांग. मी म्हणालो, काही नाही, सगळ्यांचे आभार मानले. ती म्हणाली, आभार मानताना कुणी रडतंय व्हय? सांग की.
मग सांगितलं. परीक्षा होती, नापास झालो, अमेरिकेला गेलोच नाही, सांगलीत गुंडाच्या खोलीवर होतो. ती रडेल, गाव काय म्हणंल म्हणेल, असं मला वाटलं होतं. त्यावर काय बोलायचं तेही तयार ठेवलं होतं.
नापासाचं तिने काही विचारलं नाही. सांगलीत हुतास, म्हणाली. मी म्हणालो, हो. दोन महिनं? मी म्हणालो, हो. तिने हातातली भाकरी तशीच धरली होती. म्हणाली, आरं, सांगली तर सकाळच्या गाडीनं निघालं की दुपारच्या आत येती. मला वाटलं समिंदराच्या पल्याड हाय पोरगं, कसं येईल, कसा कागद धाडंल. एवढ्या जवळ हुतास आन् आईला बघाय एक दिस आला न्हाईस?
तव्यावरची भाकरी करपली. ती तिने काढून बाजूला ठेवली आणि हातातली तव्यावर टाकली. करपलेली भाकरी मी माझ्या ताटात घेतली.