पितळी पाटीवरची मोकळी ओळ

ती. बाबा,

पाया पडायला तिथे नाही, म्हणून इथूनच वाकतो.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे. फक्त एकट्यापुरतं रांधायचा अंदाज अजून येत नाही, रोज दोघांचं होतं. आईचा गुडघा कसा आहे?

सध्या इथल्या सभागृहात नेत्यांच्या तसबिरींखालच्या पाट्या कोरतो. आताच्या नेत्याच्या मुदतीचे नऊच दिवस उरलेत, तरी न्यायाधीशांना धमकावलं म्हणून त्याच्यावर महाभियोग चालू आहे. "जातोय तर जाऊ दे की," असं म्हणून आमचा मुकादम हसतो.

मला तुम्ही आठवलात. आमच्या शाळेतल्या बाईंना दमदाटी करणाऱ्या शाळा समितीच्या अध्यक्षाचे चारच दिवस उरले होते, तरी त्याला काढायचा ठराव तुम्ही मांडलात. "तो जाईलच, पण पुढच्याला कळायला हवं," म्हणालात. लोकांनी आपल्याकडे येणं-जाणं तोडलं. मीही सहा महिने तुमच्याशी अबोला धरला.

काल मुकादमाला न विचारता, 'पदावरून दूर केले' एवढं बसेल इतकी जागा मी त्या नेत्याच्या पाटीवर मोकळी सोडली.

इथे बोलायला कोणी नाही, म्हणून मनात रोज तुमच्याशीच बोलतो. ते सहा महिने आता फार आठवतात, बाबा.

तुमचाच,
धाकटा