वत्सलेची पांढरी साडी व इतर मिळकत

श्री भगवती प्रसन्न

मी, कमलाक्षी नारायण हळर्णकर, वय वर्षे त्र्याहत्तर, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार पेडणे, गोवा, हे सर्व माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. आज सकाळी विष्णुसहस्रनाम न अडखळता म्हटले, तेवढा पुरावा पुरे व्हावा. पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टर जे बोलले त्याचा अर्थ माझी मी काढला आणि तो त्यांनी खोडला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पाकीट बंद करून नोटरीकडे नोंदवायचे आणि माझ्या मागे उघडायचे, असे वकिलांनी सांगितले आहे. मला तसेच हवे आहे. मी जिवंत असेपर्यंत वत्सलेने वाचू नये असे यात आहे.

१) पेडण्याचे राहते घर. यातला अर्धा भाग माझा. आमच्या गोव्याच्या कायद्याप्रमाणे त्या अर्ध्यातला निम्मा मुलांच्या हक्काचा, त्याला मी हात लावू शकत नाही. उरलेला जो माझ्या मर्जीचा, तो मी मुलगी वत्सला हिला देते. मागच्या अंगणाकडे जनेल उघडते ती खोली तिच्याकडेच राहावी. मुलगा दत्ताराम आणि सून विमला यांनी तिला कधी वाकडा शब्द बोलल्याचे मी ऐकलेले नाही. तरीही लिहून ठेवते.

२) पोस्टातली ठेव. माझे दिवस साधेपणाने करावेत, उरेल ते दत्तारामने घ्यावे. जेवणावळ घालू नये. मी जन्मभर काटकसर केली, ती मोडायला माझेच मरण नको.

३) शिवणयंत्र. पायाचे, काळे. ते विमलेला द्यावे. तिला शिवता येत नाही, आणि शिकायची इच्छाही नाही, म्हणूनच द्यावे.

या यंत्राविषयी थोडे लिहिणे भाग आहे. गोवा मुक्त झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन या घरात आले. माझे यजमान मामलेदार कचेरीत कारकून होते. वाचनालयातली बायकांची मासिके ते मला एका रात्रीच्या बोलीवर आणून देत. मी कथा वाचत नसे. मी चित्रे बघत असे. कोणत्या नटीने ब्लाउजची बाही कोपरापर्यंत आणली, कोणाचा गळा मागून चौकोनी, कोणाच्या पदराला किती निऱ्या, ते जुन्या वर्तमानपत्रावर उतरवून घ्यायचे आणि मासिक सकाळी परत. यजमान म्हणत, "ह्या बायांक बघून जेवण जायना गो." मी म्हणे, "जेवण जालां. बसा." पुढे दूरदर्शन आले, तेव्हा बातम्या सांगणाऱ्या बाईंचे बंद गळ्याचे ब्लाउज मी बातम्या न ऐकता उतरवून घेतले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून उरलेल्या ठाणाचे तुकडे आणायचे आणि त्यात ते बसवायचे. मी स्वतः तसले कधी घातले नाही. मी ते वत्सलेला घातले.

आईने लिहू नये, पण खोटे नाही: माझी मुलगी कॉलेजला म्हापशाच्या बसला उभी राहिली की पेडण्याच्या बाजारात माना वळत. पुढच्या सोमवारी तीच बाही चार मुलींच्या अंगावर दिसे. शिंप्याकडे मुली "वत्सलेची बाही" म्हणून मागत. ती काही गर्विष्ठ नव्हती. एकदा साधी सुती साडी नेसून पदर कमरेला खोचून गेली, तर आठवड्यात सगळ्या मुली तशा हिंडू लागल्या. ती घरी येऊन हसली, म्हणाली, "आई, उद्यां हांव उलटी साडी नेसून वतां, बघूंया." मला तेव्हा फार धन्य वाटायचे. देवासमोर बसून मी त्याची क्षमाही मागत असे.

४) नमुन्यांची वही. आलमारीत खालच्या खणात, निळ्या पुठ्ठ्याची. तीत एकशे बारा नमुने आहेत. ती माझ्याबरोबर चितेवर ठेवावी. कोणीही उघडून बघू नये, उतरवून घेऊ नये, यशोदा शेजारीण मागायला आली तरी देऊ नये. कारण पुढे येईल.

५) वत्सलेला साखळी गावात दिली होती. जावई शिवदास खाणीच्या ऑफिसात हिशेब बघत. सहा वर्षे संसार झाला, मूल नव्हते, पण दोघे हसतखेळत होती. एकोणीसशे त्र्याण्णवच्या भाद्रपदात शिवदास काविळीने गेले. वत्सला तेव्हा एकोणतीस वर्षांची. दहाव्याला मी साखळीला गेले. तिच्या हातातल्या बांगड्या मी काढल्या. दुसऱ्या कोणा बाईने काढल्या असत्या तर तिला जास्त लागले असते, असे मी मनाशी म्हटले. त्या दिवशी माझ्या स्वतःच्या अंगावर हिरवी साडी होती आणि कपाळावर कुंकू होते. यजमान हयात होते, मला ते सोडता येत नव्हते.

तिला पेडण्याला घेऊन आले. आणि मग मी जे केले ते दुसऱ्या कोणत्याही आईच्या हातून झाले नसते, कारण दुसरीला ते जमलेच नसते. मला वाटले, पांढरेच नेसायचे तर पोर निदान बरी दिसावी. मी हस्तिदंती रंगाची, राखी बारीक काठाची साडी निवडली. वहीतले सगळे नमुने चाळून, तीन एकत्र करून, तिच्यासाठी ब्लाउज बेतला: बाही कोपराच्या खाली दोन बोटे, गळा बंद, खांद्यावर एक बारीक चूण. असा ब्लाउज मी त्याआधी शिवला नव्हता. ती तो घालून देवळात गेली आणि लोक बघतच राहिले. बायका मला थांबवून सांगू लागल्या की किती शोभते, किती शांत दिसते. कोणी दया दाखवली असती, नाक मुरडले असते, तर वर्षा-दोन वर्षांत ती चिडली असती आणि एखादी रंगाची साडी अंगाला लावली असती. तसे झाले नाही. मी तिला ते इतके नेटके करून दिले की त्यातून बाहेर पडायला तिला कारणच उरले नाही.

६) देवघरातली पोपटी साडी, मरून काठाची. ही देवीच्या अंगावरून उतरलेली. देवळात पावणीला, म्हणजे लिलावाला, निघाली तेव्हा मी बोली लावून घेतली. माझ्या आयुष्यात मी एकदाच मोठ्याने बोली लावली. मनात हिशेब असा की प्रसादाला ती नाही म्हणणार नाही. तिने साडी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि देवघरात ठेवली.

मी म्हटले, "गो, प्रसाद नेसूंक आसता."

ती म्हणाली, "दवरूंकय आसता, आई."

ती ठेवलेलीच राहिली. आता देवळाला परत करावी.

७) माझ्या बांगड्या. सोन्याच्या दोन, त्या दत्ताराम व वत्सला यांनी एकेक घ्याव्यात. काचेच्या नाहीत. यजमान दोन हजार तीन साली वारले, तेव्हा त्या गेल्या. दहाव्याला वत्सला माझ्यासमोर पाटावर बसली आणि म्हणाली, "आई, हात दी." तिने कोमट पाण्यात माझा हात भिजवला, साबण लावला आणि एकही काच न फुटता बारा बांगड्या उतरवल्या. एवढे अलगद मला तिच्या वेळी जमले नव्हते. मग तिने माझ्यासाठी साडी काढून ठेवली, फिकट करडी. माझ्या वयाला कोणता काठ बरा दिसेल हे तिने माझ्यापेक्षा बारकाईने पाहिले होते. मी तिला विचारले, "हें तुका कोणें शिकयलें?" मला बघून ती शिकली होती.

त्यानंतर गावातून तिला बोलावणी येऊ लागली. कोणाची लेक, कोणाची सून अशी बसली की "वत्सलाबायला बोलवा." ती जाते, हळुवारपणे करते, रडणारीला जवळ घेते, कपडे कसे बेतायचे ते सांगते. पैसे घेत नाही. पुण्य लागेल असे लोक म्हणतात.

८) यशोदेची मुलगी गंगा, वय सत्तावीस. नवरा टिपर चालवायचा, गेल्या वर्षी अपघातात गेला. पदरात लहान मुलगी. वत्सलेने जाऊन तिचे सगळे केले. महिन्याभराने यशोदा माझ्या दारात आली. म्हणाली, "वैनी, वत्सलेच्या पांढऱ्या साडयेवयल्या बाहीचो नमुनो माका दी. आमच्या गंगेकय तशेंच शोभतलें. तिका सांगलां, वत्सलाताय कशी रवता ती बघ, तशी रव."

मी तिला चहा दिला. नमुना सापडत नाही म्हणून सांगितले. वत्सला आतून बाहेर आली आणि तिने आपला ब्लाउजच मापाला काढून दिला. तीस वर्षांपूर्वी या गावच्या मुली जशा तिची बाही मागायच्या, तशीच ती मागणी होती. गंगा आता तोच ब्लाउज घालून रेशनच्या रांगेत उभी असते. मी रस्ता बदलते.

९) सतरा रंगीत साड्या. वत्सलेच्या लग्नातल्या आणि नंतरच्या, ट्रंकेत आहेत. दरवर्षी दसऱ्यानंतर मी त्यांना ऊन दाखवते आणि घड्या बदलते. माझ्या मनात होते की वत्सला यांतली एक नेसेल या अटीवर घराचा भाग तिला द्यावा. वकील म्हणाले, "काकी, कोणी काय नेसावे याची अट कागदावर टिकत नाही." मग त्या साड्या गंगेला द्याव्यात असे ठरवले. तिला बोलावले, ट्रंक उघडली. गुलाबी साडीचा काठ तिने बोटांनी चाचपून पाहिला.

"वत्सलाताय नेसतली?" तिने विचारले.

"ती नेसची ना. तू नेस."

"मगे माका कशी चलतली, काकी? माका तिणेंच शिकयलां." तिने साडी जशीच्या तशी घडीवर ठेवली.

त्या दुपारी मी वत्सलेपाशी बसले. ती दोरीवरचे कपडे काढून घड्या करीत होती. मी म्हटले, "तू एक दीस नेसशीत तर ती पोर सुटतली."

ती म्हणाली, "तिका नेसूं दी मगे. हांव आड येतां?"

"तू नेसल्याबगर ती नेसना."

तिने हातातली घडी पुरी केली. "आई, अठरा वर्षां जालीं. ते रंग बघले की माका बरे दिसतात. पूण ते आतां दुसऱ्या कोणाचे. म्हजें हें." आणि बाहीला हात लावून म्हणाली, "तुवेंच न्हय शिवलां?"

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो घेतला असता.

तेव्हा या सतरा साड्या मी कोणाच्याच नावे करीत नाही. कायद्याने जिकडे जातील तिकडे जाव्यात.

१०) हे शेवटचे आणि हे वत्सलेला. त्र्याण्णव साली साखळीला, दहाव्या दिवशी, मी बांगड्या काढायला आत यायच्या आधी, तुझी सासू सरस्वतीबाई मला पडवीत भेटल्या. रडून त्यांचा आवाज बसला होता. मला म्हणाल्या, "विहीणबाय, तिचे रंग काढून घेव नाकात. शिवदासाक ते आवडताले. तो वचच्या आदीं माका सांगून गेला." तुझे रंग काढू नका, हे शिवदासांनीच जाण्याआधी सांगितले होते. मी मान हलवली. आत आले आणि तुला सांगितले की तुझ्या सासूची इच्छा आहे, सगळे रीतीप्रमाणे व्हावे. पेडण्याच्या लोकांसमोर माझे नाव खाली जाऊ नये म्हणून मी ते बोलले. तू तेवढ्यासाठी त्या माउलीशी नंतर एक शब्द बोलली नाहीस, तिच्या बाराव्यालाही गेली नाहीस, आणि नवऱ्याच्या घराचा मान म्हणून आजवर पांढरे नेसत आलीस. निरोप तुझ्या नवऱ्याचा होता. तो माझ्यापाशी अठरा वर्षे पडून आहे. तोंडाने सांगायला रोज बसते आणि भाजीपाल्याचे बोलून उठते. आता तो तुझा आहे. त्याचा तुला काही उपयोग होईल अशी माझी आशा नाही.

वरील सर्व मी राजीखुशीने लिहिले आहे. माझ्यावर कोणी जोर केला नाही, कोणी फूस लावली नाही. त्र्याण्णव सालीही कोणी लावली नव्हती.

ठिकाण: पेडणे, गोवा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०११, सोमवार

सही: कमलाक्षी नारायण हळर्णकर

साक्षीदार (पाकीट बंद करताना हजर, मजकूर वाचलेला नाही):
१. गोकुळदास भिकाजी परब, निवृत्त शिक्षक, राहणार इब्रामपूर
२. महादेव सगुण गावस, दुकानदार, राहणार पेडणे