पाढ्यांची डबलबारी

कट्टा,
१४ जुलै २०२५

चि. पूजास सत्यवानकाकाचे आशीर्वाद, वि. वि.

नाय गो, माका राग इलेलो नाय. राग माणसाचो येता, खुळेपणाचो नाय.

आमची सून सारिका गेल्या रविवारी मिठबावात लेकीक, दिव्याक, बघून इली. तिना सांगल्यान, तू तिसरीच्या वर्गात गणिताच्या तासाक भजनातली डबलबारी लावतस. ह्या बाजूक एक बुवा, त्या बाजूक दुसरो, मधे खोको बडवूचो. एकान पाढ्याचो सवाल गावूचो, दुसऱ्यान जबाब. मराठीच्या तासाक फुगडी. विज्ञानाक पानाची रांगोळी, शिरांसकट. मगे तेका शाळा कित्याक म्हणतत? नारळ फोडा आणि जत्रा म्हणा.

मी जन्मभर बुवामागे कोरस धरलंय. देवाच्या नावाची बारी ती. तेच्यात सात सत्ते कोण घालता?

आमच्या दिव्यान कट्ट्याच्या शाळेत तोंड उघडूक नाय, म्हणान तुझ्याकडे रवाक धाडली. बाई आसस, बोलती करशीत, असा वाटला. तू नाचवतस! २५ तारखेक येतंय आणि नातीक घेवन जातंय. दप्तर बांधून ठेव. फोन करू नको, तू फोनार गोड बोलतस.

तुझो,
सत्यवानकाका

मिठबाव,
१८ जुलै २०२५

ती. सत्यवानकाकांस पूजाचा सा. न. वि. वि.

पत्र वर्गात वाचलं, मुलांना वाटलं बाईंना ओरडा बसला. त्यांचं बरोबरच होतं.

खोका म्हणजे आंब्याची रिकामी पेटी आहे, काका. खरा पखवाज शाळेला कोण देणार? आणि देवाचं म्हणाल, तर सख्ख्या पुतण्याच्या लग्नात पंगत सोडून बारी ऐकायला पळालेला माणूस मला ठाऊक आहे.

दिव्याचं सांगते. हजेरीला ती अजून "हजर" म्हणत नाही, नुसता हात वर करते. पण कोरसात मागून गुणगुणते. परवा मी मुद्दाम खोका थांबवला, तेव्हा तिचा एकटीचा आवाज अर्धी ओळ पुढे गेला. मग दचकून गप्प झाली. आता शाळा बदलली तर तेवढंही जाईल, याची मला भीती वाटते.

न्यायचं तर न्या, तुमची नात आहे. पण आधी एक तास बसा. दारातून हाक मारू नका, मोठा आवाज आला की ती बाकाखाली शिरते. खुर्ची एकच आहे आणि ती मोडकी आहे, तेव्हा बाकावर बसावं लागेल.

लोभ आहे तो दप्तराबरोबर उचलून नेऊ नका.

आपली,
पूजा

कट्टा,
२८ जुलै २०२५

चि. पूजास आशीर्वाद, वि. वि.

पोचलंय. यष्टी गळत होती, अर्धो भिजलंय.

तुझी शाळा बघलंय. भिंतीर बांगडो काढलास तेची शेपटी उलटी. खोको बडवणारो चेडो लय सोडून धावता, तेका धर. फुगडीत कविता शिकवूची म्हणजे कवितेचो पण दम काढूचो.

बाकार बसलंय ता पाय दुखत होते म्हणान. तुझ्या वर्गातल्या त्या दीपिकान माझ्याच तोंडार सवाल टाकल्यान: एका होडयेत आठ माणसा, सात होडयांत किती, सांगा बुवा! बारीत सवाल पडलो की जबाब दिल्याबिगर उठूक येणा नाय. ह्या तुका म्हायत होता, म्हणानच बसवलंस, लबाड खंयची! मी गावन सांगलंय, चौपन.

तर मागच्या बाकावरसून आमचा चेडू, दिव्या, उभा रवला आणि सगळ्या वर्गाक आयकू जायत असा खणखणीत गायला: आजोबा चुकले, छप्पन. वर माका परत म्हणूक लायल्यान, सगळो कोरस घेवन. पोरा हसली. तू पाठ फिरवून फळो पुसत होतस, पण खांदे हलत होते, ता माका दिसला.

दप्तर मी उचलूक नाय. खुंटीर आसा थंयच रवांदे. सारिका दिव्याचे कपडे यष्टीन धाडीत.

नाचगाण्याबद्दल माझा मत होता ताच आसा: फुकटचो गोंधळ. मगे चेडवाक कित्याक ठेवन इलंय, असा माझ्या झिलान सुशांतान मुंबयसून इचारल्यान, सुनेन इचारल्यान. तेंका सांगूक नाय. तुका पण सांगूचंय नाय.

सत्यवानकाका