रिकामी निघणारी बोट

सावरघाट, ता. पुसद
दि. ११ फेब्रुवारी २०२५

सौ. सत्यशीला पुरुषोत्तम गावंडे हिस,

अनेक आशीर्वाद.

पत्राच्या प्रारंभी समोरच्याची प्रकृती विचारावी, असा प्रघात आहे. तो येथे कसा पाळावा हे मला कळत नाही. म्हणून माझीच कळवतो. माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाबाची गोळी नियमाने घेतो. अमर दर रविवारी लोहाऱ्याहून फोन करतो आणि प्रत्येक वेळी एकच विचारतो, "बाबा, सामान बांधलं का?" आता बांधले आहे. सरकारी निवासस्थान उद्या रिकामे करावयाचे आहे.

तुझ्या नावाआधी 'सौ.' लिहिले आहे, ते विस्मरणाने नव्हे. तू माझ्याआधी गेलीस, त्यामुळे ही अक्षरे लिहिण्याचा माझा अधिकार अबाधित आहे. तुझ्या कार्यालयाच्या पत्रात 'कै.' असे आले आहे. त्यांच्या पद्धतीने तेही बरोबरच आहे.

घाटाची वार्ता प्रथम सांगतो, कारण तू असतीस तर तीच प्रथम विचारली असतीस. धरणाचे पाणी यंदा हळू उतरते आहे. पिंपांवर तरंगणारा तुझा धक्का पाण्याबरोबर खाली सरकत जातो आणि त्याच्यामागे फळ्यांची वाट लांबवावी लागते, एवढेच काय ते काम. तुझ्या आधी कंत्राटदाराने बांधून दिलेल्या सिमेंटच्या पायऱ्या पाण्यापासून इतक्या दूर राहिल्या आहेत की, त्यांवर आता शेळ्या ऊन खात बसतात. "एवढ्या पैशात शेळ्यांची सोय झाली, हेही नसे थोडके," असे तू एका पाहणीच्या वेळी वरिष्ठांसमोर म्हणाली होतीस. मी तेव्हा संकोचाने मान खाली घातली होती. आज त्या पायऱ्यांकडे पाहिले, की मला हसू येते. एकट्याने हसणे बरे दिसत नाही, म्हणून आत जातो.

दोन्ही इंजिने सुस्थितीत आहेत. एकाच बनावटीची दोन घ्यावीत, म्हणजे एक दुरुस्तीला गेले तरी दुसरे चालते आणि सुटे भागही एकमेकांना बसतात, हा तुझा आग्रह. मी महाविद्यालयात सार्वजनिक वित्त हा विषय आयुष्यभर शिकवला. खर्च कमी करणे आणि खर्च सार्थकी लावणे यांतला भेद फळ्यावर अनेकदा लिहिला. परंतु तो भेद पाण्यावर चालताना पाहिला, तो मात्र तुझ्या कामात. बारा वर्षे जिल्हा परिषदेच्या या नौका सेवेची पर्यवेक्षक म्हणून तू काम केलेस, आणि त्यात एकही फेरी 'माणसे जमली नाहीत' या कारणाने रद्द झाली नाही.

आता मुख्य विषयाकडे येतो. काल सोमवारी जिल्ह्याहून एक अधिकारी आले होते. बोट सरकारने चालवावी की कंत्राटाने द्यावी, हे ठरवण्यासाठी त्यांनी घाटावरच बैठक घेतली. घाटावरच्या पत्र्याखाली खुर्च्या मांडल्या होत्या. पलीकडच्या बंजारा तांड्यातून धनसिंग नाईक माणसे घेऊन आले होते. त्यांची आई जमनाबाईही होती. तुझ्या जागी नियुक्त झालेले प्रफुल्ल डहाके टिपण घेत होते. वयाने लहान आहेत, पण अक्षर वाचनीय आहे.

अधिकारी सज्जन वाटले. त्यांनी आपले म्हणणे नीट मांडले. बऱ्याच फेऱ्या रिकाम्या किंवा जवळजवळ रिकाम्या होतात; डिझेल मात्र पुरते जळते. कंत्राटदार बोट भरेपर्यंत थांबेल, मगच सोडेल; खर्च निम्म्यावर येईल. हाच मुद्दा मी तुझ्याशी पहिल्या वर्षी जेवताना किती वेळा मांडला होता! तू भाकरी मोडत म्हणायचीस, "आधी लोकांना बोटीची सवय होऊ द्या. मग हिशेब करा."

लोक विरोध करतील, अशी माझी अपेक्षा होती. झाले ते उलटे. आपला बोटचालक रामलाल उभा राहिला आणि म्हणाला, "सायेब, बरोबर बोलून राह्यले तुमी. मले ते टायमावर बोट सोडनं आता होत नाही. भरू द्या, थांबू द्या."

"काहून?" अधिकाऱ्यांनी वऱ्हाडीतच विचारले. ते आपल्याच भागातले असावेत.

"बाईचा जीव त्या टायमानं गेला, म्हनून."

मग धनसिंगही बोलले. तांड्याने आधीच ठरवले होते, की बाईंच्या स्मरणार्थ बोट यापुढे माणसासाठी थांबली पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. सत्यशीला, त्या लोकांचा तुझ्यावर इतका लोभ आहे, की त्या लोभापायी ते तुझे सगळे काम मोडायला निघाले होते आणि त्यांना वाटत होते, की हे तुझ्यासाठीच चालले आहे.

सर्वजण माझ्याकडे पाहू लागले. माझा होकार गृहीतच होता.

येथे मला त्या दिवसाविषयी लिहिणे प्राप्त आहे. दोन महिने मी ते कोणाशीही बोललो नाही. अमरलाही केवळ "रुग्णालयात नेले, उपयोग झाला नाही" एवढेच सांगितले.

धनसिंगांच्या नातवाच्या बारशाला आपण दोघे पलीकडे गेलो होतो. परतताना तुला उतारावर धाप लागली. "दोन घास जास्त झाले, ॲसिडिटी आहे," तू म्हणालीस. आपण पाण्याशी पोहोचलो, तेव्हा बोट नुकतीच सुटली होती. एकही प्रवासी नव्हता. मी हाक मारली. रामलालने मागे वळून पाहिले, इंजिनाचा वेगही कमी केला. आणि तू हात हलवून त्याला जा म्हणालीस. मी रागावलो, तर म्हणालीस, "माझ्यासाठी वळवली, तर उद्या कोणाला नाही म्हणू?" मग बाभळीखालच्या दगडावर बसलीस. बोट परत येईपर्यंत तुझा चेहरा घामाने भिजला होता. तरीही बोट ठरल्या वेळी आलेली पाहून तू मला म्हणालीस, "पाहा." एवढेच. तो तुझा मला उद्देशून शेवटचा शब्द आहे.

डॉक्टरांना मी विचारले, की अर्धा तास आधी आणले असते तर. त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

तेव्हापासून मी त्या बोटीत पाऊल ठेवलेले नाही. ओसरीवर बसून मात्र रोज पाहतो. प्रारंभी रागाने पाहत असे. रिकामी बोट वेळेवर सुटताना दिसली, की उठून दार लावून घेत असे. पुढे दार लावणे सुटले.

तर काल मी उभा राहिलो. म्हणालो, "परवा सायंकाळच्या शेवटच्या फेरीत एकच प्रवासी होती. आपल्या हिशेबात ती फेरी तोट्याची धरली असेल."

"साहजिकच," अधिकारी म्हणाले.

"ती प्रवासी जमनाबाईंची नात राखी. पुसदच्या महाविद्यालयात जाते. बोट भरेपर्यंत थांबणार असती, तर परवा ती घाटावर कुठवर बसली असती?"

धनसिंगांनी पागोटे सरळ केले. जमनाबाईंनी मात्र हातातली तंबाखू तशीच धरून मुलाकडे पाहिले.

"म्हंजे आमची राखी अंधार पडेस्तोवर इथं गिऱ्हाईक भरायची वाट पाहत बसन? या दारूच्या गुत्त्याजवळ?"

"याडी, तसं नाही…" धनसिंग आईला म्हणाले.

"तसं नाही तं कसं? सकाळी धाडायचं पोरीले अन् संध्याकाळचा पत्ता नाही? तू येशील का रोज पोहत घ्यायले?"

लोक हसले. रामलालही हसला आणि लगेच ओशाळला. त्या हशातच मी पुढे बोललो. तू येण्यापूर्वी हीच बोट भरेपर्यंत थांबत असे आणि म्हणूनच ती कधी भरत नसे. कारण केव्हा सुटेल हे ठाऊक नसलेल्या बोटीसाठी कोणी घरून निघत नाही. सकाळची फेरी आज मुलींनी आणि दुधाच्या कॅनांनी भरून जाते, ती सायंकाळची रिकामी फेरी खात्रीने सुटते म्हणून. रिकाम्या फेरीचे डिझेल भरलेल्या फेरीच्या खात्यावर धरावे, असे माझे मत आहे, असे मी सांगितले. वर्गात शिकवावे तसे बोललो असेन. सवय जात नाही.

तेव्हा धनसिंगांनी मला विचारले. आवाज चढवून नव्हे, फार हळू. "सर, तुमची बायको गेली ना त्याच्यापायी. अन् तुमीच असं म्हनता?"

मला खोटे बोलता आले असते. 'वेळेवर सुटली म्हणून तर वेळेवर परत आली' असे मी म्हणू शकलो असतो, आणि तेही चूक ठरले नसते. परंतु भरेपर्यंत थांबणारी बोट त्या दिवशी कदाचित आपण होतो त्याच काठावर उभी असती. मग तू त्या दगडावर बसली नसतीस. हे मी सर्वांदेखत मान्य केले. म्हणालो, "होय. कदाचित ती वाचली असती. परंतु तिचा हात मी पाहिला आहे. तिने बोट स्वतः पुढे धाडली. तिच्या नावावर ती आता आपण थांबवू नये."

रामलाल तोंडावर उपरणे धरून खाली बसला. जमनाबाई त्याच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "कायले रडून राह्यला रे? तुवं काय केलं? बाईनं म्हटलं जा, तं तू गेला. बाईचं आइकलं नाही असा कोन हाये इथं?"

निर्णय काय झाला, ते आता सांगतो. बोट जिल्हा परिषदेकडेच राहील आणि वेळेवर, रिकामी असली तरी, सुटेल, अशी शिफारस अधिकाऱ्यांनी प्रफुल्ल यांना सर्वांसमोर लिहून घ्यायला सांगितली. दुपारच्या दोन फेऱ्या उन्हाळ्यात एकत्र करण्याची सूचना त्यांनी केली. ती मला रास्त वाटली. उन्हाळ्यात त्या वेळी काठावर कुत्रेसुद्धा नसते, हे तूही म्हणत असायचीस.

एक दुरुस्ती मात्र मी सुचवली आणि ती मान्य झाली. दोन्ही काठांवर लाल निशाण ठेवायचे. रुग्णासाठी ते वर केले, की बोट जेथे असेल तेथून वळेल. निशाण एकदा वर गेले, की रुग्णाने स्वतः हात हलवून जा म्हटले तरी बोटचालकाने ते मानायचे नाही. हे शेवटचे वाक्य मी आग्रहाने घालायला लावले. अधिकाऱ्यांनी कारण विचारले नाही. तुझ्या नियमात तुला न विचारता केलेली ही एकमेव दुरुस्ती आहे. तू वाद घातला असतास. या एका बाबतीत मी ऐकले नसते.

दि. १२ फेब्रुवारी, दुपार

अमर गाडी घेऊन दोनपर्यंत येईल. तत्पूर्वी एक काम केले, ते कळवून पत्र पुरे करतो.

सकाळच्या बोटीने मी पलीकडे गेलो. रामलालने मला धक्क्यावर पाहिले आणि हात पुढे केला. पलीकडून आलेली बोट भरलेली होती. राखी व तिच्या मैत्रिणी तेव्हा अलीकडे उतरत होत्या, "सर, आज तुमी?" म्हणून थबकल्या आणि बससाठी धावल्या. पलीकडे जमनाबाईंनी निशाणाची काठी बाभळीला बांधून ठेवली आहे. कापड त्यांच्या जुन्या फेटियाचे, म्हणजे बंजारा घागऱ्याचे आहे, काठाला आरसे तसेच आहेत. "लाल तं हायेच, वरून चमकते बी. आंधळ्याले दिसन," असे त्यांनी मला ऐकवले. चहा पाजल्याशिवाय सोडले नाही.

परतीच्या फेरीत मी एकटाच होतो. रामलालने पाण्याकडे पाहत विचारले, "सर, थांबू का थोडं? कोनी येते का पाहू?" मी म्हणालो, "वेळ झाली ना? मग सोड." त्याने दोर सोडला. मधल्या पाण्यात फार शांत वाटले. तू या जागी रोज कशी बसत असशील, ते समजले. मला तुझा अभिमान वाटतो. हे वाक्य तुझ्या हयातीत मी अनेकांना सांगितले आहे. तुला सांगितल्याचे आठवत नाही.

घर झाडून घेतले. तुझी छत्री आणि चष्मा बरोबर घेतला आहे. भिंतीवरचे घड्याळ सरकारी असल्याने जागेवर ठेवले, किल्ली देऊन. प्रफुल्ल दारात उभे आहेत. घाई करत नाहीत, तरीही त्यांना ताटकळत ठेवणे योग्य नव्हे.

दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या त्यांच्या हाती परत केल्या. पोच मागितली नाही.

तुझा,
पुरुषोत्तम