एकशे चाळीस सभासद आणि एक मांजर

ता. ४

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

फोनवर माझ्याकडून 'हं'च्या पुढे काही निघत नाही, म्हणून लिहितो. तुझी मामी जाऊन पाच महिने झाले. तळमजल्यावरच्या खोलीत ती शेजाऱ्यांना अवजारं उसनी देणारं अवजारघर चालवायची. ती खोली आता सोसायटीच्या सेक्रेटरींना सायकलींसाठी हवी आहे. महिनाअखेर शंभर सभासदांची तपासलेली यादी कॉम्प्युटरवर दाखवा, नाहीतर सगळं घरी न्या, असं ते म्हणाले. शिडी घरी आणली तर मला जिन्यात झोपावं लागेल.

तू सांगितलंस तशी नाव तपासणारी मेथड, म्हणजे प्रोग्रामचा तो छोटा तुकडा, लिहिली. नाव रिकामं असेल किंवा त्यात भलत्याच खुणा असतील तर 'खोटं' म्हण, असं तिला बजावलं. तरी काल मांजर कीबोर्डवरून चालत गेली आणि सभासद झाली. नाव 'ललल;;;प'. कुठे चुकलं ते कळव.

तुझा मामा

ता. ९

ती. मामांस सा. न.

मांजरीचं अभिनंदन! मामा, तुम्ही मेथड लिहिलीत पण वापरलीच नाहीत. पहारेकरी नेमला आणि स्वयंपाकघरात बसवून ठेवला, असं झालं. नाव साठवायच्या आधीच्या ओळीत तिला बोलवा, कंसात नाव द्या, आणि ती काय म्हणते ते ऐका. 'खोटं' आलं तर साठवू नका. नुसतं विचारून पुढे चालू पडायची तुमची सवय मामीने खपवून घेतली, मशीन घेणार नाही.

जेवता ना वेळेवर? रागावू नका, लोभ राहू द्या.

तुमची भाची

ता. १५

चि. भाचीस आशीर्वाद.

मांजर बाद झाली. फुरंगटून बसली आहे. मला हुरूप आला आणि नियम वाढवले. नाव निदान दोन शब्दांचं, फोन बरोबर दहा अंकी. तीस वर्षं दुकानदारांची वजनमापं तपासली, हात शिवशिवतात.

मग मामीने सभासदांची लिहिलेली एकशे चाळीस कार्डं कॉम्प्युटरवर भरली. अकरा पास. बाकीच्यांची नावं तिने लिहिली आहेत ती अशी: 'शिडीवाला'. 'वरचा खोकला'. 'हातोडी देऊ नये'. फोनच्या रकान्यात 'खिडकीखाली उभं राहून ओरडणे'. सेक्रेटरी येऊन खोलीत खडूने सायकलींच्या जागा आखून गेले. मी 'हं' म्हटलं.

तुझा मामा

ता. १९

ती. मामांस सा. न.

अहो, वजनं तपासताय की माणसं? करवत परत मागायला जो सापडतो तो सभासद खरा. मामीची एक तरी करवत बुडाली का? नियम आभाळातून पडत नाही, आपणच लिहितो. नाव एका शब्दाचं असलं तरी चालू द्या. फोन नसेल तर घर नंबर चालेल, पण तो तुम्ही स्वतः जाऊन बघायचा. हो, दार वाजवायचं! आणि दार उघडल्यावर 'हं' म्हणून परत फिरायचं नाही.

तुमच्या पत्राची वाट पाहते. मांजरीला घर नंबर देऊ नका.

तुमची भाची

ता. ३०

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

नऊ दिवस दारं वाजवली. 'हातोडी देऊ नये' यांनी आपण होऊन तीन हातोड्या काढून दिल्या. 'वरचा खोकला' तासभर मामीबद्दल बोलत होता. मीही दोन वाक्यं बोललो. बरेच जण घर सोडून गेलेत.

आज सेक्रेटरींसमोर यादी चालवली. नव्व्याण्णव. त्यांनी खिशातून खडू काढला. तेव्हा ध्यानात आलं, वीस वर्षं शिडी उचलून दिली पण माझं कार्डच नाही. मागायची वेळच आली नव्हती. घर नंबर टाकला. नावाच्या रकान्यात तुझी मामी मला घरात ज्या नावाने हाक मारायची ते लिहिलं. ते तुला सांगणार नाही. सेक्रेटरींनी वाचलं आणि एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. मेथडने मात्र क्षणभरही न अडखळता उत्तर दिलं, खरं.

लोभ आहेच, तपासत बसू नकोस.

तुझा मामा