घर कधीपर्यंत राखायचं

मी, खाली सही करणारा, धंद्याने पाट्या रंगवणारा, वय वर्षे एकाहत्तर, लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखलाही दिला आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. आणायला घरात कोणी नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी सांगू लागला तर तो खोटं बोलतो आहे, आणि तो बहुधा माझा भाऊ असेल.

कलम १. हत्यारं. ब्रश, फूटपट्ट्या, आखणीच्या दोऱ्या आणि शिडी कोपऱ्यावरच्या चावीवाल्याला द्यावी. त्याचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे. पण काही काम नसताना माझ्याकडे येऊन बसणारा तो एकटाच माणूस आहे. ब्रश रॉकेलमध्ये धुवून, टोकाला तेलाचं बोट लावून आडवे ठेवायचे. उभे ठेवलेले दिसले तर जिथे असेन तिथून येऊन कान उपटीन.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझ्या शेवटच्या सोयीचा आणि वकीलबाईंचा खर्च भागवावा. उरेल ते माझ्या पुतणीच्या मुलीच्या शिक्षणासाठी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनीच करावी. त्या फटकळ आहेत, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

कलम ३. माझा धाकटा भाऊ लोकप्रतिनिधी आहे. त्याला दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकवलेली मोठी पत्र्याची पाटी द्यावी. दुसरं काहीही देऊ नये.

ती पाटी कुठली हे सांगणं भाग आहे. भाऊ पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला तेव्हा विरोधी पक्षात होता. आपलं सैन्य परक्या मुलखात अडकलेलं होतं आणि माझा मुलगा त्यात होता. भावाने माझ्याकडून लाल अक्षरांत लिहून घेतलं, ‘सैन्य परत कधी? तारीख सांगा.’ मी मन लावून लिहिलं, कारण मलाही तेच विचारायचं होतं. तो निवडून आला, त्याचा पक्ष सत्तेत बसला, आणि वर्षभरात तो तीच पाटी घेऊन दारात उभा.

“दादा, हिच्यावर पांढरा मार आणि लिही, तारीख मागणं म्हणजे शत्रूला मदत करणं.”

“अरे, गेल्या वर्षी तूच मागत होतास ना?”

“तेव्हा मला आतली माहिती नव्हती.”

“आता काय कळलं?”

“ते सांगता येत नाही. तू पांढरा मार.”

लाल रंगावर थेट पांढरा मारला तर खालचा लाल हळूहळू वर येतो. मध्ये सीलरचा, म्हणजे खालचा रंग दाबून धरणाऱ्या लेपाचा, हात द्यावा लागतो आणि तो नीट वाळू द्यावा लागतो. हे मी त्याला सांगितलं. त्याला पाटी संध्याकाळच्या आत हवी होती. पुढे पंधरवडाभर ती उन्हातान्हात सभेसभेतून फिरली, आणि एका सभेत त्याच्या डोक्यामागे गुलाबी अक्षरांत ‘तारीख सांगा’ उमटलं. तो तारीख मागणाऱ्यांना झोडपत होता आणि लोक हसत होते. मी मुद्दाम केलं असं तो आजही धरून आहे. मी मुद्दाम केलेलं नाही, हे इथे नोंदवतो. त्यानंतर त्याने पाटी परत पाठवली, पण स्वतः माझा उंबरा ओलांडला नाही. माझी बायको गेली तेव्हाही त्याने फक्त माणूस पाठवला.

पुढे सत्ता गेली आणि तो पुन्हा तारीख मागू लागला. पाटी आहे तशीच चालेल, दोन्हीकडून वाचता येते, असा मी निरोप धाडला.

कलम ४. माझ्या मुलाबद्दल. सरकारने सैन्य परतीची तारीख दोनदा दिली आणि दोनदा फिरवली. दोन्ही वेळा मी त्याची खोली रंगवली, गादी उन्हात टाकली आणि वाट पाहिली. दुसरी तारीख पाळली असती तर तो आज घरी असता. ती पुढे ढकलल्यावर आलेल्या थंडीत त्याची तुकडी गस्तीला गेली. बाकीचे परतले, तो नाही. मेलेल्यांत त्याचं नाव नाही, पकडलेल्यांतही नाही. सैन्य तिथे आहे तोवर शोध चालू राहील, असं मला कळवलं गेलं.

तेव्हापासून माझी पंचाईत झाली आहे. आता भावाचा पक्ष पुन्हा सत्तेत आहे आणि या खेपेस त्यांनी तारीख जाहीर केली. चौकात लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. मी खिडकी लावून घेतली आणि इतक्या वर्षांनी भावाला फोन केला.

“तारीख मागे घ्या,” मी म्हणालो. “सैन्य निघालं तर माझ्या पोराला शोधणार कोण?”

तो म्हणाला, “दादा, तिथे दुसऱ्यांचीही पोरं आहेत रे.”

ज्याला मी जन्मभर सरडा म्हटलं, त्याच्यासारखाच मीही रंग बदलून बसलो होतो. फोन ठेवला तेव्हा घरात इतकं शांत होतं की मी नळ सोडून ठेवला.

कलम ५. घर. खाली दुकान, वर दोन खोल्या. हे घर माझ्या मुलाचं आहे. तो आला नाही तर पुतणीचं, म्हणजे भावाच्या मुलीचं. बापाचा स्वभाव तिने घेतलेला नाही. सासरच्यांनी तिला मुलीसकट बाहेर काढलं तेव्हापासून ती भाड्याच्या एका खोलीत राहते आणि कामावरून येताना माझी औषधं आणते. मुलगा येईपर्यंत इथे येऊन राहा, असं मी तिला म्हटलं.

“काका, आणखी एका घरात मला पाहुणी म्हणून नाही राहायचं,” ती म्हणाली. “कधी उठावं लागेल ते माहीत नसलं की भिंतीत खिळासुद्धा मारवत नाही. एक काय ते ठरवा.”

मी पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘सैन्याची शेवटची तुकडी परत येईपर्यंत घर मुलासाठी राखावं.’ वकीलबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे घर कधी मोकळं होणार ते तुम्ही तुमच्या भावाच्या सरकारच्या हातात देताय,” त्या म्हणाल्या.

मी ती ओळ खोडली. त्यानंतर महिनाभर माझ्याने काही लिहवलं नाही. बापाने मुलाची वाट पाहायला मुदत घालायची, हे हाताला पटत नव्हतं.

आता लिहितो. माझ्या मुलाच्या चाळिसाव्या वाढदिवसापर्यंत, म्हणजे आणखी चार वर्षं, हे घर त्याचं आहे. तोवर पुतणीने इथे राहावं आणि त्याची खोली त्याच्यासाठी ठेवावी. त्या दिवसानंतर सगळं घर तिचं, त्याच्या खोलीसकट. हे मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “चाळीस तर चाळीस. पण काका, मग एकेचाळीस नको.” त्यानंतर तो आला तर तिने त्याला जेवू घालावं, त्याची आई कशी गेली आणि मी कसा गेलो ते सांगावं. घर सोडू नये.

‘आवश्यक वाटल्यास मुदत वाढवता येईल’ असं वाक्य वकीलबाईंनी शेवटी घातलं होतं. असं घालायची पद्धत आहे म्हणे. मी ते काढायला सांगितलं, मग परत घालायला सांगितलं, आज सकाळी पुन्हा काढायला लावलं. ही मुदत कोणीही वाढवू नये. मी जिवंत असतो तर मी वाढवली असती.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मला समजला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही केली.

सही: पाटीवाला
साक्षीदार: १. शेजारच्या डॉक्टरीणबाई. २. वकीलबाईंचे कारकून. (चावीवाल्याला हत्यारं मिळणार असल्याने त्याची साक्ष चालत नाही. तो जिन्यावर बसून आहे.)
ठिकाण: राहतं घर, वरचा मजला
दिनांक: ९ मार्च, सोमवार