पिस्कोचे एकोणीस क्रेदो

हौहा, १४ ऑक्टोबर १९६५

चि. सौ. तेओफिला हीस यूदोसियाताईचे अ. आ.

पार्सल पोचले: वाल चार किलो, खारकांची पुडी, जांभळे कापड साडेतीन वार. हमाली सहा सोल पडली. तेवढ्या पैशांत वाल इथेही आले असते, पण ते तुझ्या परसातले नसते.

रविवारच्या भूकंपात तुमचे भिंतीच्या तड्यावर निभावले, ही प्रभूची कृपा. इथे ताटल्या वाजल्या, एवढेच. हलली ती ह्यांची नोकरी. वेधशाळेतले ह्यांचे यंत्र आभाळात रेडिओची लाट सोडते, ती अगदी वरच्या हवेवरून परतते आणि फिल्मवर रेघ उमटते, हे तुला माहीतच आहे. धक्का बसला बारा वीसला. साडेबाराच्या फोटोत रेघ वेडीवाकडी, एकच्या फोटोत पुन्हा सरळ. नवे इंजिनिअरसाहेब म्हणतात, यंत्र हलले आणि तुम्ही गुपचूप नीट केलेत. वहीत बिघाड लिहा, सही करा. हे म्हणतात, मी हात लावलेला नाही. जमिनीचा धक्का हवेतून वर चढायला नऊएक मिनिटे लागतात, वर हवा विरळ म्हणून हेलकावा मोठा. हलले ते आभाळ. साहेब म्हणाले, मग आभाळाची सही आणा. महिनाअखेरपर्यंत वहीत ह्यांची सही नाही, तर काम नाही. एकवीस वर्षांत ह्यांनी खोटे लिहिलेले नाही. हल्ली जेवण अर्धेच जाते.

तुमच्याकडे तेव्हा काही वेगळे दिसले का? लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

तुझी ताई


पिस्को, १९ ऑक्टोबर

ती. ताईस तेओफिलाचा शि. सा. न.

दिसले नाही, पण ऐकू आले. धक्का थांबताच मी अंगणात गुडघे टेकून तेहतीस वेळा क्रेदोची प्रार्थना म्हणायला घेतली. आमचे हे आत दूरच्या ग्वायाकिलचे रेडिओ केंद्र लावून बसलेले. भिंत पडली तरी फुटबॉल सुटायचा नाही. माझी एकोणीस वेळा प्रार्थना झाली आणि हे ओरडले, की निवेदकाचा आवाज फुगतोय नि बसतोय, जसे काही त्याला झोपाळ्यावर बसवलेय. मी म्हटले, रेडिओला थापड मारा. दोन मारल्या, उपयोग शून्य. पुढे आपोआप ठीक झाले. तो आवाजही वरूनच परतून येतो ना? भाऊजींना विचार. घड्याळ कोणी पाहिले नाही. आकडा मात्र पक्का आहे, मी बोटांवर मोजते.

कृपादृष्टी असू द्यावी.

तेओफिला


हौहा, २४ ऑक्टोबर

चि. सौ. तेओफिलास अ. आ.

तुझे पत्र ह्यांनी उभ्यानेच वाचले आणि साहेबांकडे नेले. साहेब हसले, म्हणाले, क्रेदो हे शास्त्रातले माप नव्हे. हसून झाल्यावर मात्र मला बोलावणे धाडले, घड्याळ काढले आणि प्रार्थना म्हणायला लावली. अठ्ठावीस सेकंद. एकोणीस वेळा म्हणजे नऊ मिनिटांना आठ सेकंद कमी. त्यांनी साडेबाराची फिल्म पुन्हा तपासली. मग म्हणाले, ह्या बाई सावकाश म्हणतात, त्या बाई किती घाईने म्हणतात कोण जाणे. त्यांना कळवू द्या. जुळले, तर बिघाड नव्हता असे मी स्वतः लिहीन.

तेव्हा घड्याळ समोर ठेव, गुडघे टेक, आणि भूकंपाच्या रविवारी घाबरून म्हटलीस तशीच म्हण. माझ्यासाठी मुद्दाम सावकाश म्हणू नकोस. कमी सेकंद भरले तर कमीच लिही. खोट्या आकड्यावरची नोकरी ह्यांना नको आहे. उलट टपाली कळव.

तुझी ताई